विसाव्या मिनिटाला

"बाबा, एक सांगायचं होतं. मी ना..." एवढं प्रेरणा बोलली आणि अटकली.

म्हणजे प्रेरणा नाही अटकली. ती तिकडे पुण्यात आपल्या खोलीवर धडधाकट बसली होती. अटकला तो इकडचा कॉम्प्युटर. पडद्यावरच्या तळ्यातल्या लाटा जागच्या जागी थिजल्या, बोटीतली दोन माणसं हातात गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, धरून पुतळ्यासारखी उभी राहिली, आणि बुधरामच्या कानावरच्या हेडफोनमधून "ना-ना-ना-ना" असा भुंगा सुरू झाला. बुधरामनं माऊस हलवला, दोन-चार बटणं दाबली, मग डब्याला एक चापट मारली. काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. खेळ दोनला सुरू झाला होता.

सखाबाई, त्याची बायको, चुलीपासून पदराला हात पुसत धावत आली. "अजी, काय म्हणत होती पोरगी?"

"मी ना, म्हणे."

"मी ना, काय?"

"तेच तं अटकलं ना वो! मले का माहीत?"

"मुडदा बसवला या डब्याचा," सखाबाई म्हणाली आणि कपाळाला हात लावून उंबऱ्यावरच बसली.

हा सलग तिसरा रविवार. तिन्ही वेळा पोरीनं हेच वाक्य काढलं आणि तिन्ही वेळा ते अर्ध्यात तुटलं. बंद करून पुन्हा सुरू केला तर डबा पाच मिनिटंही धड चालत नसे. मग प्रेरणाचाच फोन येई, "राहू द्या बाबा, पुढच्या रविवारी सांगीन." फोनवर सांग म्हटलं तर नाही. "फोनवर नाही जमत. बोटीत सांगीन." तिच्या आवाजात दर वेळी जरा सुटल्यासारखं वाटायचं, पण बुधराम तेव्हा डब्यावर इतका चिडलेला असे की त्याच्या ते ध्यानातच आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सानगडीच्या तलावात जन्म घालवलेला पंचावन्न वर्षांचा मासे धरणारा ढीवर माणूस कॉम्प्युटरवर गेम कायले खेळते? गावानंही हेच विचारलं होतं. गावाचं तोंड धरता येत नाही, आणि बुधराम धरायलाही गेला नाही.

गोष्ट अशी की बुधरामला फोनवर बोलता येत नाही. जीभ आहे, चांगली तिखट आहे. सोसायटीच्या सभेत उभा राहिला तर अध्यक्षाला घाम फोडतो. पण फोन कानाला लावला की हा मुका. पोरगी "बाबा, कसे आहा?" म्हणाली की हा म्हणणार, "बरा आहो. घे, मायले देतो." झालं बोलणं. पोरगी बिचारी तिकडे "बाबा, ऐका तं..." म्हणते तोवर फोन सखाबाईच्या कानाला. असा एकुलत्या एका लेकीशी दिवसाचे दोन शब्द बोलणारा हा बाप, आणि दिवसभर मनात तिच्याशीच बोलणारा. जाळं ओढताना बोलायचा, मासे निवडताना बोलायचा. सोबतचे म्हणत, बुधराम आता म्हातारा झाला, पुटपुटायला लागला.

त्या दोघांचं बोलणं आधीपासून डोंग्यातच व्हायचं. प्रेरणा आठ-नऊ वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्याच्या डोंग्यात येऊन बसायची. तो पुढे, ती मागे. दोघांची तोंडं एकाच दिशेला, पाण्याकडे. अर्धा तास गेला की मागून हळूच आवाज यायचा, "बाबा, गणितात नापास झाली मी." किंवा, "बाबा, मायची नथ माह्याच हातानं हरवली." तोंडासमोर तोंड नसलं की पोरीच्या पोटातलं ओठावर यायचं. बुधराम मागे वळून पाहायचा नाही. "होते, होते," एवढंच म्हणायचा आणि वल्हं मारायचा.

पुढे ही पोरगी पॉलिटेक्निकला गेली आणि तिथं कॉम्प्युटरच्या गेमच्या नादी लागली. हा मोठा डबा तिनंच नागपूरहून एकेक सामान आणून स्वतः जोडलेला. आत दिवे, तीन पंखे, चालू झाला की खोलीत मंडईच्या जत्रेतला पाळणा आल्यासारखं वाटायचं. आणि तिला नोकरीही तीच लागली! पुण्यातल्या एका कंपनीत नवे गेम खेळून पाहायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या. "खेळाचा पगार?" म्हणून अख्ख्या ढीवर मोहल्ल्यानं तोंडात बोट घातलं. कंपनीनं तिला तिकडे नवीन मशीन दिली, तेव्हा हा डबा घरीच राहिला.

मागच्या दिवाळीला ती आली तेव्हा तिनं बापाला खुर्चीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला आणि मासेमारीचा गेम लावून दिला. कुठल्यातरी थंड मुलखातलं तळं, काठाला उंच उंच झाडं, मागे बर्फाचे डोंगर, आणि एका बोटीत दोन माणसं: एक बुधराम, एक प्रेरणा. ती पुण्यात बसेल, तो सानगडीत बसेल, बोट एकच. तिकडचं बोललेलं इकडे कानात.

"गरीनं मासे धरणं हे पोट्ट्यांचं काम आहे," बुधरामनं आधी नाक मुरडलं. "जाळं नाही का यात?"

"नाही बाबा. आणि धरलेला मासा सोडून द्या लागते."

"सोडून?" त्यानं खुर्चीतल्या खुर्चीत अर्धं वळण घेतलं. "मंग धरला कायले?"

पण पहिल्याच रविवारी, पंधरा-वीस मिनिटं पाण्याकडे पाहत बसल्यावर, पोरगी कानात म्हणाली, "बाबा, इथं मले कोणी ओळखीचं नाही. लय एकटं वाटते." पाण्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "होते, होते. मी आहो ना." आणि मग तो बोलतच सुटला. तलावाला यंदा पाणी किती, कतला मासा कसा उतरला, शेजारच्या रेणूची गाय कशी व्याली. प्रेरणा हसत होती. सखाबाई दाराआडून बघत होती. हा माणूस लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी तिच्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता.

तेव्हापासून रविवार दुपार दोन म्हणजे दोन. मयत पडो, लग्न असो, बुधराम दोनला खुर्चीत. आठवड्यात बाकीचे दिवसही तो दुपारी डबा लावायचा. खेळायचा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात प्रेरणाचं नाव असायचं आणि नावापुढे ठिपका. ती त्या तळ्यावर आलेली असली की ठिपका हिरवा, नसली की राखाडी. तो राखाडी ठिपका बघत बसायचा पाच-दहा मिनिटं, मग बंद करायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे का?

आणि असा वर्षभर सुरळीत चाललेला डबा नेमका नवरात्रात अटकायला लागला. पोरीला मन मोकळं करायला वीस मिनिटं लागत, आणि या मेल्याला अटकायलाही वीसच. आता याला काय म्हणावं!

सानगडीत असल्या कामाला एकच माणूस, ती म्हणजे कामिनी. बाजार चौकात तिचं ऑनलाईनचं दुकान. सातबारा, आधार, पीकविम्याचे फॉर्म सगळं तिच्याकडे. शाळेत प्रेरणाच्या दोन वर्ग पुढे होती, तोंडानं फटकळ, पण काम चोख. पहिल्या वेळी अटकला तेव्हाच बुधराम तिला घरी घेऊन आला होता. ती येणार म्हणून त्यानं खोली झाडली, डब्यावरचं पांघरूण काढून खुंटीला टांगलं, डबा फडक्यानं पुसून लखलखीत केला. वैद्यासमोर का रोग्याले झाकून ठेवतात? कामिनीनं डबा उघडला, आतली एक पट्टी काढून खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली आणि तासभर तेच तळं चालवून पाहिलं. एकदाही अटकला नाही. ती चहा पिऊन गेली. त्यानंतरच्या रविवारी विसाव्या मिनिटाला डबा ठप्प!

मग बुधरामनं डबा चादरीत बांधला, सायकलच्या कॅरियरवर ठेवला आणि हातानं सायकल ढकलत दुकानात नेला. कामिनीनं सगळं पुसून नव्यानं भरलं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच डबा दुकानात चालू होता, आणि शहाण्या लेकरासारखा वागला.

"काका, याले काही झालं नाही," कामिनी म्हणाली. "तुमच्या घरात काहीतरी आहे. विजेचा दाब पाहा."

त्यानं विजेचा दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर आणला. इकडे सखाबाईला कामिनीचं "तुमच्या घरात काहीतरी आहे" हे वाक्य चांगलंच लागलं होतं. तिनं मीठ-मिरच्या मुठीत घेऊन डब्याची दृष्ट काढली आणि निखाऱ्यावर टाकल्या. खोलीत असा ठसका उठला की बुधराम शिंकत शिंकत अंगणात गेला. "आता पाहा कसा चालते," ती डोळे पुसत म्हणाली. आणि मग तो तिसरा रविवार, तो "ना-ना-ना"चा, ज्यापासून मी सुरुवात केली.

त्या रविवारनंतर बुधवारी प्रेरणानं मायला फोन केला. "माय, येत्या रविवारी बाबाले बोटीत बसवजो. मले सांगायचंच आहे. उशीर करून जमत नाही आता."

उशीर करून जमत नाही! सखाबाईनं फोन ठेवला आणि चुलीसमोर बसून हसायला लागली. "अजी, पोरगी येऊन राहिली. दिवाळीले तं येतेच, पण मले वाटते नोकरी सोडून येते. मायशी नाही, बापाशीच बोलाचं आहे तिले. तुमची परवानगी पाहिजे असन."

"तसं म्हणाली का ती?"

"म्हणाले कायले पाहिजे? मले नाही का समजत?"

दुसऱ्या दिवशी बुधरामनं प्रेरणाची खाट ओसरीत काढून तिच्या दोऱ्या ताणल्या. सखाबाईनं अनरशांसाठी तांदूळ भिजवले. भाऊबीजेनंतर मंडई भरणार होती. पोरीला मंडईतली गरम भजी आणि रात्रीचं नाटक दोन्ही पाहिजेच असतं. बुधराम तलावावर जाताना मनातल्या मनात तिच्यासाठी बोटरी मासा राखून ठेवायच्या गोष्टी करू लागला. माणसाला एकदा आशा लागली की ती आवरत नाही. सोबत्यानं विचारलं, "काय बुधराम, आज खुश दिसून राहिला?" तर म्हणतो, "पोरगी येऊन राहिली." म्हणजे सखाबाईनं अंदाज केला आणि यानं गावभर पिटला!

पण डबा चालला तर ना. शुक्रवारी तो पुन्हा कामिनीच्या दुकानात जाऊन उभा राहिला. आता कामिनीही वैतागली होती. मशीन तिच्यासमोर चालायची आणि तिच्या पाठीमागे अटकायची, म्हणजे तिच्या कामालाच बट्टा.

"काका, बसा इथं," ती म्हणाली. "दुकानात चालते, घरी नाही. मंग दुकानात अन् घरी फरक काय आहे, एकेक सांगा. टेबल?"

"टेबल चांगलं आहे. सागाचं."

"डबा कुठं ठेवता? खाली का वर?"

"वर. टेबलावर. मोकळा."

"काही टेकवून ठेवता का त्याले? पोतं, कपडे?"

"छे! पोरीची वस्तू आहे ती. हात नाही लावू देत कोणाले. मी तं त्याले पावसाळ्यापासून जाळं घालून ठेवतो."

कामिनीचा माऊसवरचा हात थांबला. "काय घालून ठेवता?"

"जाळं. झिंग्याचं." बुधराम अभिमानानं सांगू लागला. पावसाळ्यात एक पाल डब्याच्या मागच्या जाळीतून आत शिरताना त्यानं पाहिली होती. आत पाल, वर उंदीर, त्यात पावसाळ्याचे किडे. पोरीनं हातानं जोडलेली वस्तू, खराब झाली तर तिला काय तोंड दाखवणार? म्हणून त्यानं झिंगे धरायच्या अगदी बारीक जाळ्याची दुहेरी घडी घेऊन डब्याच्या मापाची खोळच शिवली. खाली ओढदोरी. मुंगीसुद्धा आत जाणार नाही. "तुम्ही घरी आल्या तं काढून ठेवलं होतं. इथं आणलं तवाबी काढलं. एरवी चोवीस तास घातलेलं असते."

कामिनीनं दोन्ही हात डोक्याला लावले. "काका! अहो काका! त्या डब्याले श्वास पाहिजे ना! खेळताना आत आग पेटल्यासारखं तापते ते. पंखे बाहेरची हवा ओढतात."

"मंग ओढो ना! जाळं आहे ते, पोतं नाही," बुधराम आता चिडला. "त्यातून पाणी जाते, कामिनीबाई, पाणी! हवा नाही का जाणार?"

"घरी जाऊन पाहा," कामिनी म्हणाली. "खोळ उजेडात धरून पाहा, अन् मंग मले सांगा."

बुधराम तणतणत घरी आला. ज्या माणसाचा जन्म जाळ्यात गेला, त्याला ही फॉर्म भरणारी पोरगी जाळं शिकवणार? त्यानं डब्यावरची खोळ ओढून काढली आणि अंगणात उन्हात धरली.

ऊन पलीकडे गेलंच नाही.

समोरच्या गल्लीत धानाची गिरणी होती. लवकर पिकणारा हलका धान निघाला, तशी ती सकाळ-संध्याकाळ चालू झालेली. तिचा भुसा वाऱ्यावर उडत येतो, घरात सगळ्यावर बसतो, हे बुधरामला रोजचंच. आतले पंखे ती हवा ओढत राहिले आणि भुसा जाळ्याच्या दुहेरी घडीत बसत गेला, एकावर एक, शेणानं सारवल्यासारखा. बोटानं खरवडला तर खपली निघाली. वर सखाबाईच्या मिरच्यांचा काळपट थरही होताच.

बुधराम ती खोळ हातात घेऊन मटकन ओट्यावर बसला. तलावात असतो तर त्यानं हे एका नजरेत ओळखलं असतं. जाळं रोज धुवावं लागतं, हे त्याच्या बापानं त्याला चालायच्या आधी शिकवलं. शेवाळ धरलेलं जाळं पाण्यात टाकलं तर पाणी आरपार जात नाही, जाळं पाणी ढकलत नेतं आणि मासा आधीच पळतो. नव्या पोरांना तो यावरून शिव्या घालायचा. आणि घरातलं जाळं आपण चार महिने एकदाही धुतलं नाही! ते पाण्यात जात नव्हतं, म्हणून तेही धुवावं लागतं हे डोक्यातच आलं नाही.

"सापडलं का जी?" सखाबाईनं विचारलं.

"सापडलं."

"काय होतं?"

"मीच होतो," बुधराम म्हणाला. त्याला लाज वाटली, रडूही आलं. पोरगी तीन रविवार काही सांगू पाहत होती आणि तिचं बोलणं आपणच आपल्या हातानं बंद केलं, तेही तिची वस्तू जपायच्या नावाखाली. सखाबाईला सगळं समजलं तेव्हा ती आधी हसली, मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं खोळ त्याच्या हातातून काढून घेतली.

रविवारी दीड वाजताच बुधराम खुर्चीत. डबा उघडा, कामिनीनं सांगितल्याप्रमाणे आतली धूळ ब्रशनं काढलेली, गिरणीच्या बाजूची खिडकी बंद. दोनला पाच मिनिटं असताना राखाडी ठिपका हिरवा झाला. त्यानं हेडफोन कानावर चढवला.

"बाबा, बसले का?"

"बसलो, बेटा."

बोट काठावरून निघाली. दोघांनी गरी टाकली. प्रेरणानं तलावाचं विचारलं, त्यानं सांगितलं. त्यानं पुण्याच्या थंडीचं विचारलं, तिनं सांगितलं. एक मासा लागला, तो त्यानं ओढला आणि नेहमीसारखं पुटपुटत सोडून दिला. सखाबाई दारात येऊन उभी होती. हेडफोन याच्या कानावर, तिला फक्त याचंच बोलणं ऐकू येई, म्हणून ती त्याच्या तोंडावर नजर लावून होती.

दोन वाजून अठरा. एकोणीस. वीस. लाटा हलत होत्या. एकवीस. बावीस. पडद्यावरच्या झाडामागून एक पक्षी उडाला आणि डोंगराकडे निघून गेला.

"बाबा," प्रेरणा म्हणाली, "आज अटकला नाही."

"नाही अटकत आता. दुरुस्त केला मी." आणि त्यानं तिला खोळीची गोष्ट सांगितली. झिंग्याचं जाळं, पाल, भुसा, सगळं. ती खूप हसली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "माह्या डब्यासाठी खोळ शिवली तुम्ही?" ती म्हणाली. तो वाट पाहत राहिला. नजर पाण्यावर, मागे न वळता, तशीच जुनी सवय.

"बाबा, मी कॅनडाले जाऊन राहिली. कंपनी पाठवून राहिली. दोन वर्षं. येत्या मंगळवारचं विमान आहे, मुंबईवरून."

बुधरामनं पडद्यावरची गरी उगाच ओढून घेतली.

"मागच्या महिन्यातच ठरलं. दर रविवारी सांगीन म्हणत होती. अटकलं की मले बरं वाटे, बाबा, खोटं कायले बोलू. आणखी आठ दिवस मिळाले असं वाटे." ती भराभर बोलत होती, थांबली तर बोलता येणार नाही अशी. "दिवाळीले नाही येत मी. जायच्या आधी चार दिवसांची सुट्टी मिळत होती, मीच नाही घेतली. घरी आली असती तं मंग माह्यानं जाणं झालं नसतं. तुमचं तोंड पाहून नसतं झालं."

तीन आठवडे ज्या डब्याच्या मागे बुधराम हात धुऊन लागला होता, चालावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे बाकी राहिले होते, तो डबा आता या घडीला अटकावा असं त्याला वाटलं. लाटा थिजाव्या. कानात भुंगा यावा. म्हणजे काही बोलावं लागणार नाही. आणखी आठ दिवस मिळतील. त्यानं डब्याकडे पाहिलंसुद्धा. तिन्ही पंखे मजेत फिरत होते.

"बाबा? आहा ना तुम्ही?"

"आहो."

"रागावले?"

"मले वाटलं तू येऊन राहिली," बुधराम म्हणाला. "तुझ्या मायनं तांदूळ भिजवले. मी खाट ताणली. लय आठवण येते बेटा तुझी. तलावात बी येते. घरात बी येते. मी काही बोलत नाही म्हणून तुले वाटत असन, बाबाले काही नाही. पण लय येते."

असं तो जन्मात कुणाशी बोलला नव्हता. तिकडे प्रेरणा रडायला लागली, आणि तिचं रडणं सगळंच्या सगळं, एकही अक्षर न तुटता, त्याच्या कानात येत होतं.

"जाशीन तं जा," तो म्हणाला. "कामाले जाऊन राहिली तू. मी आडवा नाही येत. रविवार सोडजो नको फक्त."

"नाही सोडत, बाबा. तिकडं पहाट असन, तरी नाही सोडत."

सखाबाईला आता राहवेना. दारातून ती खोलीत आली. खाटेचं आणि तांदळाचं नाव तिनं ऐकलं होतं, नवऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं होतं, आणि बिचारीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनंच लावला होता. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"काय म्हणते जी? कवा येते?"

बुधरामनं तिच्याकडे पाहिलं. मायचा आवाज तिकडे पोरीलाही ऐकू गेला होता.

"येते म्हणते," बुधराम म्हणाला. "दोन वर्सानं."

"काय वर्सानं?"

त्यानं हेडफोन काढला, उठून सखाबाईला खुर्चीत बसवलं आणि तो तिच्या कानांवर नीट बसवून दिला. तिला कुठं बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून माईकची दांडी तिच्या ओठांजवळ वाकवली. मग खुर्चीमागे उभा राहिला. आता त्याला काही ऐकू येत नव्हतं. सखाबाईचे फक्त खांदे दिसत होते. ते आधी ताठ होते, मग हळूहळू खाली आले. पडद्यावर बोट पाण्यात डुलत होती आणि बोटीतल्या प्रेरणाच्या गरीला मासा लागला होता, पण तिनं ओढला नाही.

सखाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि दांडीत तोंड घालून म्हणाली, "जेवली का व माय तू?"

तिकडून काय उत्तर आलं, ते बुधरामला ऐकू आलं नाही.